शेवटच्या प्याल्याची गोष्ट

आजचा विषय बहुतेक घरांत कधी ना कधी येऊन गेलेला असतो, पण त्याबद्दल मोठ्याने कोणी बोलत नाही. त्यामुळे हेडफोन लावून ऐकत असाल तर बरंच आहे.

राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही, त्यांनाही सुधाकर आणि तळीराम माहीत असतात. सगळा घात पहिल्या प्याल्यात असतो, ही गोष्ट त्या नाटकाने महाराष्ट्राच्या डोक्यात पक्की बसवली. पण आज आपण दुसऱ्या टोकाला जाणार आहोत. आज गोष्ट शेवटच्या प्याल्याची.

असं समजा, एक माणूस पंधरा-वीस वर्षं रोज पितोय. एके दिवशी तो ग्लास खाली ठेवतो आणि म्हणतो, बस्स, आजपासून बंद. घरातल्यांना हायसं वाटतं, आई देवापुढे साखर ठेवते. आणि तिसऱ्या रात्री तो माणूस अंथरुणात उठून बसतो, अंगावरून नसलेले किडे झटकतो, दाराबाहेर पोलीस आलेत म्हणून ओरडतो. अंग तापलेलं, घामाने चिंब, हात थरथरतायत. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा आहे. कोणी म्हणतं, नाटकं करतोय, एक पेग दिला की गप्प होईल.

यातलं दुसरं वाक्य अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं का खरं आहे हे शोधायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ दीडशे वर्षं लागली. मी डॉक्टर नाही, इतिहास सांगणारा माणूस आहे. पण हा इतिहास माहीत असला तर एखाद्या घरातला माणूस वाचू शकतो, म्हणून आजचा भाग.

लॉकडाऊनचे पहिले दिवस

सुरुवात आपल्या सगळ्यांना आठवणाऱ्या एका रात्रीपासून करू. २४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली आणि बारा वाजल्यापासून देश बंद. किराणा, दूध, औषधं चालू. दारूची दुकानं बंद. बहुतेकांना वाटलं, चला, या निमित्ताने तरी लोकांची सुटेल.

केरळमध्ये पुढच्या काही दिवसांत वेगळ्याच बातम्या यायला लागल्या. दारू न मिळाल्याने लोक अस्वस्थ झाले, काहींनी आत्महत्या केल्या. मग ३० मार्चला तिथल्या सरकारने आदेश काढला. ज्याला दारू बंद झाल्यामुळे त्रास होतोय त्याने डॉक्टरांची चिठ्ठी आणावी, उत्पादन शुल्क खातं त्याला दारूचा पास देईल. डॉक्टर खवळले. त्यांचं म्हणणं होतं, या आजारावर औषधं आहेत, दारू हे त्यावरचं औषध म्हणून आम्ही लिहून देणार नाही. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं आणि २ एप्रिलला कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत दुकानं बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळाली नाही म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण मरण पावले.

आता केरळमधला तो वाद नीट बघा. सरकार म्हणतंय, दारू थांबल्याने माणूस आजारी पडलाय, त्याला थोडी दारू द्या. डॉक्टर म्हणतायत, दारू थांबल्याने आजारी पडलाय हे मान्य, पण उपचार दुसरा आहे. भांडण उपचारावर होतं. आजाराच्या कारणावर दोघांचं एकमत होतं. आणि आपली गोष्ट आहे ती याच एकमताची, कारण ते फार उशिरा झालं.

काट्याने काटा

रोज पिणाऱ्या माणसाला एक गोष्ट कुठल्याही डॉक्टरच्या आधी कळलेली असते. सकाळी हात कापतात, चहाचा कप बशीत वाजतो, दाढी करताना ब्लेड लागतं. आणि थोडीशी घेतली की हात स्थिर होतात. दारूचा त्रास दारूनेच जातो.

ही समजूत फार जुनी आहे. आयुर्वेदात दारूपासून होणाऱ्या आजारांना 'मदात्यय' म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चोविसावा अख्खा अध्याय त्यावर आहे. तिथे असा विचार मांडलाय की, मद्य चुकीच्या पद्धतीने घेतल्यामुळे झालेला त्रास, तेच मद्य योग्य पद्धतीने, योग्य गोष्टी मिसळून दिल्यावर शमतो. म्हणजे काट्याने काटा काढायचा.

पण 'दारूने थरथर थांबते' हे माहीत असणं वेगळं, आणि 'दारू थांबल्यामुळे थरथर सुरू होते' हे सिद्ध करणं वेगळं. मधलं अंतर पार करायला आपल्याला १८१३ सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागेल.

१८१३: आजाराला नाव मिळालं

त्या काळी माणूस तापाने बडबडायला लागला की डॉक्टर म्हणायचे, मेंदूला सूज आली. उपाय एकच, रक्त काढा. शीर कापून वाटीभर रक्त बाहेर काढायचं, जुलाब द्यायचे, डोक्यावर गार पाणी.

थॉमस सटन नावाच्या इंग्लिश डॉक्टरच्या लक्षात आलं की या 'मेंदूज्वरा'च्या रोग्यांमध्ये दोन जाती आहेत. काही जणांना रक्त काढून बरं वाटतं, असं निदान तेव्हा तरी वाटत होतं. पण काही जण असे होते, की त्यांचे हात कापतायत, झोप अजिबात नाही, नसलेल्या वस्तू पकडायला हात पुढे जातोय. यांचं रक्त काढलं की ते हमखास बिघडतात. आणि अफू देऊन झोपवलं की पुष्कळ जण उठून बसतात, शुद्धीवर येतात. १८१३ मध्ये त्याने हे छापलं आणि या आजाराला लॅटिन नाव दिलं, डिलिरियम ट्रेमेन्स. आपल्या भाषेत, कापरं भरलेला भ्रम. डॉक्टर आजही त्याला 'डी.टी.' म्हणतात.

सहा वर्षांनी, १८१९ मध्ये, फ्रान्सच्या पिएर रेयेने या आजाराचा दारूशी असलेला संबंध ठामपणे मांडला. पुढे १८४९ मध्ये स्वीडनच्या मॅग्नस हुस या डॉक्टरने 'अल्कोहोलिझम' हा शब्दच जन्माला घातला. दारूचं व्यसन म्हणजे फक्त वाईट चाल नाही, तो शरीरभर पसरणारा आजार आहे, असा त्याचा दावा होता.

मग अफूने प्रश्न सुटला का? नाही. झोप लागत नाही म्हणून डॉक्टर अफू वाढवत गेले, आणि काही रोगी झोपले ते उठलेच नाहीत. बॉस्टनच्या जॉन वेअर यांनी १८३१ मध्ये आपल्या रोग्यांच्या नोंदी मांडल्या आणि म्हटलं, या आजाराला स्वतःची एक चाल आहे, तीन-चार दिवसांत तो आपोआप ओसरतो. आपण जबरदस्तीने झोपवायला गेलो तर नुकसान जास्त होतं. सांभाळा, लक्ष ठेवा, वाट बघा. त्या काळासाठी हा मोठा शहाणपणा होता.

गुन्हेगार दारू की तिचं नसणं?

संबंध कळला, नाव मिळालं, तरी एक गोंधळ शिल्लक राहिला. भ्रम होतो तो दारूच्या विषाने, की दारू अचानक तुटल्याने?

तुम्ही म्हणाल, यात काय अवघड आहे? आता डॉक्टरांच्या जागी उभे राहून बघा. एक गवंडी परातीवरून पडतो, पाय मोडतो, इस्पितळात येतो. पहिला दिवस ठीक. दुसऱ्या दिवशी हात कापतात. तिसऱ्या रात्री तो वॉर्डात आरडाओरडा करतो. डॉक्टर लिहितात, पाय मोडल्याच्या धक्क्याने भ्रम झाला. दुसऱ्याला न्यूमोनिया झालाय, त्याच्या बाबतीत लिहितात, तापाने झाला. दोघांचीही दारू इस्पितळाच्या दारात तुटली होती, हा धागा एकसारखा होता. पण तो पकडणं सोपं नव्हतं, कारण काही जण तर पिता पिताच, किंवा थोडी कमी केल्यावरच थरथरायला लागायचे. त्यामुळे 'विषच अंगात भिनलंय' ही बाजू विसाव्या शतकातही जोरात होती.

आणि या गोंधळाची किंमत होती. विषाने होतंय असं मानलं की उपाय ठरतो, दारू एका क्षणात तोडा आणि माणसाला कोंडा. दारुडे पोलीस कोठडीत टाकले जायचे, तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना झटके यायचे. कोठडीतल्या माणसाचा आरडाओरडा कोण मनावर घेणार? उपचार नसताना डी.टी. झालेल्यांपैकी शंभरात तीसहून जास्त माणसं दगावल्याच्या जुन्या नोंदी आहेत.

इथे एक छोटा प्रसंग सांगतो. १० जून १९३५, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. डॉ. बॉब नावाने पुढे ओळखले गेलेले सर्जन रॉबर्ट स्मिथ यांना त्या दिवशी ऑपरेशन करायचं होतं, आणि पिऊन पिऊन हात थरथरत होते. त्यांच्यासोबत बिल विल्सन होते, स्वतः दारूतून बाहेर पडलेले. बिलनी काय केलं असेल? त्यांनी डॉक्टरांना एक बिअर दिली, हात स्थिर व्हावेत म्हणून. ऑपरेशन पार पडलं. ती बिअर डॉ. बॉब यांचा आयुष्यातला शेवटचा प्याला ठरली, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा जन्मदिवस मानला जातो. वैद्यकशास्त्राची पुस्तकं वाद घालत होती. त्या दोघांना मात्र अनुभवाने माहीत होतं की हात कापतायत ते दारू कमी पडल्यामुळे.

लेक्सिंग्टनचे दहा जण

वादाचा निकाल १९५०च्या दशकात लागला. आधी १९५३ मध्ये बॉस्टनच्या मॉरिस व्हिक्टर आणि रेमंड अ‍ॅडम्स या मेंदूतज्ज्ञांनी इस्पितळात येणाऱ्या पिणाऱ्यांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या. शेवटचा प्याला किती वाजता घेतला आणि कुठलं लक्षण किती तासांनी आलं. त्यातून एक वेळापत्रक दिसायला लागलं. ते आजही बरंचसं तसंच शिकवलं जातं. सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत आकडी, म्हणजे फिट, येऊ शकते. काहींना भास होतात. आणि अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान, थोड्या जणांना, डी.टी.

तरी शंका राहिलीच. कदाचित नीट न जेवल्याने होत असेल? कदाचित जीवनसत्त्वं कमी पडली असतील?

मग १९५५ मध्ये हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला सरकारी व्यसनमुक्ती इस्पितळ होतं, जिथे शिक्षा भोगणारे कैदीही ठेवले जायचे. तिथल्या दहा जणांना, जे पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते, चांगलं जेवण आणि जीवनसत्त्वं देऊन रोज भरपूर दारू पाजली. चौघांनी लवकर थांबवलं. सहा जण ४८ ते ८७ दिवस पीत राहिले. मग एके दिवशी दारू एकदम बंद. सहाही जण आजारी पडले. काहींना फिट आली, काहींना भास आणि भ्रम. जे लवकर थांबले होते त्यांना त्रास कमी.

जेवण चांगलं होतं, ताप नव्हता, पाय मोडलेला नव्हता. बदललेली गोष्ट एकच, दारू थांबली. गुन्हेगार सापडला.

पण ही गोष्ट ऐकताना गप्प बसून पुढे जाता येत नाही. कैद्यांना मुद्दाम पाजून, मुद्दाम तोडून, त्यांना झटके येताना बघायचं. ते 'स्वेच्छेने' तयार झाले होते म्हणतात, पण तुरुंगात स्वेच्छा किती असते? आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. घराघरातल्या पिणाऱ्यांना आज जो उपचार मिळतो, त्याच्या पायात त्या दहा जणांची थरथर आहे, एवढं लक्षात ठेवू.

डोक्यातली रस्सीखेच

असं होतं तरी का? पुढच्या काही दशकांत मेंदूशास्त्राने याचं उत्तर दिलं. ते मी रस्सीखेचीच्या भाषेत सांगतो.

मेंदूत दोन संघ कायम दोर ओढत असतात. एक संघ शांत करणारा, त्याचं रसायन गाबा. दुसरा जागं ठेवणारा, त्याचं रसायन ग्लुटामेट. दारू शांत करणाऱ्या संघाला जाऊन मिळते. रोज एवढा भारी गडी एका बाजूला ओढतोय म्हटल्यावर मेंदू तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला माणसं वाढवतो, आणि शांत संघातली कमी करतो. वर्षानुवर्षं असा सामना बरोबरीत चालतो. म्हणूनच असा माणूस भरपूर पिऊनही सरळ चालताना दिसतो.

आणि एके दिवशी दारू दोर सोडून देते. एकदम. समोरचा जास्तीचा संघ तसाच ओढत राहतो, आणि सगळेच कोसळतात. थरथर, धडधड, घाम, फिट, भास, हे त्या कोसळण्याचे आवाज आहेत.

यातून दोन गोष्टी समजतात. पहिली, हा मनाच्या निर्धाराचा प्रश्न नाही. ज्याने प्रामाणिकपणे, एका क्षणात दारू सोडली, त्यालाच धोका जास्त. दुसरी, आपण रीलमध्ये बघतो तो 'डिटॉक्स', हिरवा रस पिऊन विष बाहेर काढायचं वगैरे, त्याचा इथे काही संबंध नाही. दारू शरीरातून एखाद्या दिवसात आपोआप निघून जाते. इस्पितळातला डिटॉक्स म्हणजे दोर हळूहळू सैल करणं, मेंदूला माणसं परत नीट वाटून घ्यायला चार-पाच दिवस मिळवून देणं.

फडताळावर पडून राहिलेली गोळी

दोर हळूहळू सोडायला दारूसारखंच काहीतरी हवं, जे त्याच बाजूने ओढेल, पण मोजून देता येईल आणि रोज कमी करता येईल. एकोणिसाव्या शतकात क्लोरल हायड्रेट आलं, पॅराल्डिहाइड आलं. पॅराल्डिहाइडचा वास इतका उग्र, की वॉर्डात शिरताच कळायचं कोणाला दिलंय.

मग लिओ स्टर्नबाख. पोलंडमध्ये शिकलेला ज्यू रसायनतज्ज्ञ, १९४१ मध्ये युरोप सोडून अमेरिकेत न्यू जर्सीला आला. रोश कंपनीसाठी त्याने पन्नाशीच्या दशकात बरीच संयुगं बनवली, काही उपयोग दिसेना, काम थांबवायला सांगितलं गेलं. एक बाटली फडताळावर तशीच राहिली. १९५७ मध्ये प्रयोगशाळेची आवराआवर करताना ती सापडली. फेकण्याऐवजी तपासणीला पाठवली, आणि प्राणी गुंगीत न जाता शांत झाले. हेच क्लोरडायझेपॉक्साइड. १९६० मध्ये ते लिब्रियम नावाने बाजारात आलं.

दारूच्या विथड्रॉवलमध्ये ते खरंच चालतं का? १९६९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या २३ इस्पितळांतल्या ५३७ रोग्यांवरचा अभ्यास छापून आला. काहींना लिब्रियम, काहींना क्लोरप्रोमाझिन, काहींना इतर दोन औषधं, काहींना नुसती साधी गोळी. लिब्रियमवाल्यांमध्ये फिट आणि डी.टी. सगळ्यांत कमी. आणि क्लोरप्रोमाझिन, जे तेव्हा भ्रमिष्ट रोग्याला सर्रास द्यायचे, ते घेणाऱ्यांना साध्या गोळीपेक्षाही जास्त फिट आल्या. म्हणजे वरवर शांत दिसणारा माणूस आतून जास्त धोक्यात होता.

पुढे टोरंटोच्या संशोधकांनी त्रासाला गुण देण्याची पद्धत बसवली, १९८९ मध्ये तिचं सुटसुटीत रूप आलं. घाम किती, थरथर किती, भास आहेत का, असे दहा प्रश्न. नर्स काही तासांनी गुण मोजते, आणि गरज असेल तरच डोस. १९९४ मध्ये १०१ रोग्यांवर याची तुलना झाली. ठरलेल्या वेळी गोळ्या दिलेल्यांना मध्यमान ६८ तास औषध लागलं, गुण बघून दिलेल्यांना ९ तास. कमी औषध, तेवढीच सुरक्षितता. आज वेळेवर उपचार मिळाला तर डी.टी.ने दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली येतं.

एक सांगून ठेवतो. ही गोळी मेडिकलमधून आणून घरी द्यायची गोष्ट नाही. वर दारू घेतली तर श्वास मंदावतो, यकृत खराब असेल तर औषधच बदलावं लागतं, आणि गोळीचीही सवय लागते.

सलाईनच्या आधीचं इंजेक्शन

आपल्याकडे अशक्तपणा दिसला की पहिली मागणी काय? "डॉक्टर, एक सलाईन लावा." म्हणून हा तुकडा लक्ष देऊन ऐका.

१८८१ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निकेने तीन रोग्यांचं वर्णन केलं. दोन पिणारे पुरुष, आणि एक बाई, जिने आम्ल प्यायल्यामुळे अन्न पोटात टिकत नव्हतं. तिघांची नजर फिरलेली, चाल लटपटती, मन गोंधळलेलं. तिघेही गेले. पुढे रशियाच्या कोर्साकोव्हने असेच रोगी पाहिले, ज्यांची स्मरणशक्ती कायमची गेली होती. पन्नास वर्षांनी कळलं की मुळाशी आहे बी-१ जीवनसत्त्वाची, थायमिनची, कमतरता. पिणारा जेवत नाही, आणि जेवला तरी दारूमुळे थायमिन नीट शोषलं जात नाही. १९३६ मध्ये थायमिन प्रयोगशाळेत बनवणारा रॉबर्ट विल्यम्स हा मिशनरी आईबापांचा मुलगा, जन्म आपल्या आंध्रातल्या नेल्लोरचा.

शरीराला साखर जाळायला थायमिन लागतं. ज्याचं थायमिन संपत आलंय त्याला आधीच ग्लुकोजची बाटली लावली, तर उरलंसुरलंही खर्च होऊन मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिनचं इंजेक्शन देतात. तुम्ही रुग्णासोबत असाल तर एक वाक्य न लाजता सांगा, "हे रोज दारू पितात, शेवटची अमुक वाजता घेतली." पाय मोडून दाखल केलं असलं तरी सांगा. विशेषतः तेव्हा सांगा. ते वाक्य लपवलं की आपण त्या १८००च्या गवंड्याच्या गोष्टीत परत जातो.

न सांगता सोडवणारी पूड

आणखी एक सापळा. "दारुड्याला न सांगता दारू सोडवा", भिंतीवर, रिक्षाच्या मागे, आता व्हॉट्सअ‍ॅपवर अशा जाहिराती पाहिल्या असतील. अशा पुडीत काय असेल सांगता येत नाही, पण डायसल्फिराम नावाची गोळी मात्र घरातले जेवणातून गुपचूप देतात, हे डॉक्टरांना नवं नाही.

१९४०च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे शास्त्रज्ञ जंतांवर औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. स्वतः घेऊन बघितलं, आणि मग जरा दारू घेतली की चेहरा लालबुंद, धडधड, मळमळ. त्यांच्या लक्षात आलं की दारू पचवायची पायरीच अडकतेय. १९४८ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. समजून-उमजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर ही गोळी काहींना मदत करते. पण माहीत नसलेला माणूस वरून प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो, जीव जाऊ शकतो. आणि कळलं की घरच्यांवरचा विश्वास जातो तो वेगळाच. ओढ कमी करणारी नॅल्ट्रेक्सोनसारखी इतर औषधंही आज आहेत. तीही माणसाला सांगूनच.

परमिट रूम ते वॉर्ड

आता परत आपल्या मातीत. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' का लिहितात, विचार केलाय? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून पिण्यासाठी परवाना लागतो, आणि त्या परवान्याच्या भाषेत दारू आरोग्य राखण्यासाठी दिली जाते. गुजरातमध्ये आजही डॉक्टरी तपासणीवर 'हेल्थ परमिट' मिळतं. केरळचा तो २०२० चा पास काही आभाळातून पडला नव्हता. दारू हे औषध, ही कल्पना आपल्या कागदपत्रांत आधीपासून आहे.

दुसरी वाटही इथेच तयार झाली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने मुक्तांगण सुरू केलं. सुरुवात गर्दच्या व्यसनातल्या पोरांपासून झाली, पुढे दारूचे रुग्णही आले. माणसाला दोषी न धरता आधी शरीर सावरायचं, मग मनाशी आणि घराशी बोलायचं, हा क्रम त्यांनी मराठी घरांना शिकवला.

कारण डिटॉक्स ही फक्त पहिली पायरी आहे. त्यानंतर समुपदेशन, गट, औषधं नसतील तर माणूस परत पितो, परत तोडतो. आणि दर वेळी तोडताना त्रास वाढत जाऊ शकतो, असं १९७८ पासून संशोधक सांगतायत. मागच्या वेळी नुसते हात कापले, या वेळी फिट येऊ शकते. "आधी दोनदा सोडली होती, काही झालं नाही," या भरवशावर राहू नका.

मग केरळच्या वादात बरोबर कोण? माझ्या मते, सरकारला धोका बरोबर दिसला होता, आणि उपचार डॉक्टरांना बरोबर माहीत होता. खरी अडचण तिसरीच होती. चिठ्ठी लिहायला डॉक्टर होता, पण गावागावात चार दिवस झोपवून ठेवायला पलंग नव्हता. इतिहासाने उत्तर शोधून ठेवलंय, ते दारापर्यंत पोहोचायचं बाकी आहे.

तर घरात कोणी म्हणालं, "आजपासून बंद," तर त्याची थट्टा करू नका आणि खोलीत कोंडूही नका. रोज भरपूर पिणारा असेल, आधी कधी फिट आली असेल, सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागत असेल, तर दारू तोडायच्या आधी डॉक्टर गाठा. डॉक्टर भेटेपर्यंत स्वतःच्या मनाने झटक्यात बंद करायला लावू नका. फिट आली, भास व्हायला लागले, ताप चढला, माणूस कुठे आहे हेच त्याला कळेना, तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट बघू नका. व्यसनमुक्तीसाठी देशभरातली हेल्पलाइन १४४४६, आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही मोफत. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.

गडकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी पहिल्या प्याल्यापासून सावध केलं. शेवटचा प्याला खाली ठेवणाऱ्याचा हात थरथरत असतो. त्या वेळी तो हात धरायला घरातलं कोणीतरी हवं, आणि एक डॉक्टर हवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.